सासूबाईंचा मोतीबिंदू

ये ना जवळ, पोरी, दारात उभी राहून काय ऐकतेस? आणि डोळे चोळू नकोस, कितीदा सांगायचं!

माझ्या सासूबाईंना मोतीबिंदू झाला होता. गावच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं, तरी त्या म्हणायच्या, "पिकला नाही अजून." खरं तर त्यांना भीती होती, की ऑपरेशनात आहे तो उजेडही जाईल. एक दिवस त्यांनी तुरीची डाळ निवडली आणि मी ती तशीच शिजवली. सासऱ्यांनी पहिल्याच घासाला गाल धरला. "काय वं, आज खडे शिजवले काय?"

सासूबाई म्हणाल्या, "मीच निवडली. मले दिसूनच नाही राह्यलं. न्या मले शिबिरात."

ऑपरेशननंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्या कितीतरी दिवस उताण्या पडून होत्या. मी चमच्यानं भरवायची आणि मनातून घाबरायची. पट्टी सुटली, तशी त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"काऊन वं, एवढी वाळली कवा तू?"

मी रडता रडता हसले. जीव भांड्यात पडला बघ.

आता निघशील तू, पण लवकर ये परत. मलाही तुला असंच निरखून बघायचं असतं.