लोहपंख आणि भूमेश्वरीचा कान

गोंदियातून आमगावकडे निघालं की शहर संपता संपता कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा लागते. तिथल्या स्वयंपाकघरात भूमेश्वरी बिसेनला यंदा दहा वर्षं झाली. त्याआधी अकरा वर्षं ती राइस मिलमध्ये कामाला होती. मिलमध्ये यंत्रांची धडधड अशी, की शेजारच्या बाईला मारलेली हाकही तिच्यापर्यंत पोचायची नाही. म्हणून तिथल्या बायका हातांनीच बोलायच्या. पोतं भरलं, पाणी आण, मुकादम आला, तुझ्या सासूचा गुडघा कसा आहे, सगळं हातांनी. शाळेत नोकरी मागायला आली तेव्हा संस्थेच्या लोकांना शंका होती, की ही बाई मुलांशी बोलणार कशी. त्यांचं विचारून होईपर्यंत दारात उभ्या असलेल्या दोन मुलांना तिने नुसत्या हातांनी हसवलं होतं. ही गोष्ट वसतिगृहाचे अधीक्षक संघदीप सर अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

शाळेत मुलं अठ्ठेचाळीस. रविवारी अंड्याचा रस्सा असतो, म्हणून मुलांच्या बोलण्यात रविवारची खूण म्हणजे एका मुठीवर दुसरी मूठ आपटून अंडं फोडायचं. ही खूण कुठल्या पुस्तकातली नाही, ती याच जेवणघरात तयार झाली. त्याच रविवारी सकाळी साडेदहाला जेवणघरातल्या टीव्हीवर लोहपंख लागतो. लोखंडी पंखांचा हा कार्टूनमधला वीर एका धरणाखालच्या शहराची राखण करतो. पांढऱ्या दाढीचा उस्ताद हा त्याचा गुरू, आणि काळा मुखवटा घालणारा कालमुख हा त्याचा वैरी. मुखवट्याखाली कोण आहे ते कुणालाच ठाऊक नाही. गेल्या वर्षी सहा जुलैला त्याचा तिसरा सीझन सुरू झाला. भाग पंधरा, म्हणजे बारा ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर संपणारा.

टीव्ही जेवणघराच्या एका टोकाला आणि शेगडी स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये वाढायची खिडकी. रविवारी दीडशे पोळ्या करायच्या असत, त्यामुळे लोहपंख चालू असताना भूमेश्वरीची पाठ कायम टीव्हीकडे. मुलं बघत, ती ऐके. खरं तर आवाज तिच्या एकटीसाठीच लावलेला असे. सर आठवणीने रिमोट उचलत आणि तिला ऐकू जाईल एवढा तो मोठा करत, आणि या गोष्टीचं तिला दर रविवारी नव्याने बरं वाटे. जेवणं झाली की मुलं तिच्याभोवती जमत. लोहपंख पुलावरून पडला हे मुलांना माहीत असे, त्याला कुणी काय बोलून भुलवलं हे तिला. कुणीतरी ओरडलं हे तिला माहीत असे, कोण ओरडलं ते मुलं दाखवत. असे दोन अर्धे जोडून दर रविवारी एक अख्खा भाग तयार होई.

त्याच जुलैत खुशबू आली. दरेकसाच्या पलीकडे जंगलात एक टोला आहे, वीस-बावीस घरांचा, तिथली. वय आठ. बहिरी तर होतीच, पण तिला कुठलीच भाषा कुणी दिली नव्हती. हवं असलं की बोट दाखवायचं, नको असलं की तोंड फिरवायचं, एवढंच तिचं बोलणं. जे डोळ्यांसमोर नाही त्याबद्दल काही सांगायची किंवा विचारायची सोयच तिच्याकडे नव्हती. उद्या म्हणजे काय, हे तिला कसं समजावणार? त्यामुळे बाप तिला शाळेत सोडून परत निघाला, तेव्हा तिच्या लेखी तो कायमचा गेला. ती फाटकाशी जाऊन बसली. जेवायला उचलून आणावं लागे, आणि जेवली की पुन्हा फाटक.

पोळ्याच्या सणाआधी बाप भेटायला आला. कैलाश त्याचं नाव, जंगलात बांबूतोडीला जातो. परत निघताना त्याच्या शर्टात रुतलेल्या तिच्या मुठी सोडवायला तीन माणसं लागली. तेव्हा तो सरांना शांतपणे म्हणाला, की दिवाळीपर्यंत पाहतो, नाहीतर हिला घेऊन जातो. घरी बकऱ्यांच्या मागे फिरताना ती निदान हसते तरी.

त्याचं चूक होतं असं भूमेश्वरीला म्हणता येईना. पण नेलं म्हणजे काय होतं ते तिने पाहिलं होतं. तिच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी इंद्रकुमार नावाच्या पोराला घरचे असेच घेऊन गेले होते. पुढे सहा वर्षांनी आमगावच्या बाजारात तो दिसला. मिसरूड फुटलेला, आणि अजून वस्तूंकडे बोट दाखवणारा. त्याने तिला ओळखलं आणि दोन्ही तळवे एकमेकांवर थापले. मुलं तिला याच खुणेने बोलावत. ती पोळीची खूण होती, आणि तिच्या आधीच्या स्वयंपाकिणीलाही मुलं त्याच खुणेने बोलावत. इंद्रकुमारजवळ शाळेतलं तेवढंच उरलं होतं. त्या दिवशी ती भाजी न घेताच घरी आली.

म्हणून दुसऱ्या दिवसापासून भूमेश्वरी लसणाची टोपली घेऊन फाटकापाशी बसू लागली. काही बोलायची नाही, दाखवायची नाही, नुसती लसूण सोलायची. तीन दिवसांनी खुशबूने एक पाकळी उचलली. मग टोपली रोज चार पावलं आत येत गेली आणि टोपलीमागे पोरगी. ऑगस्ट संपायच्या आत ती वाढायच्या खिडकीच्या कट्ट्यावर लसूण सोलत बसू लागली, तोंड टीव्हीकडे. पण हात मात्र गप्पच.

एकतीस ऑगस्टला नववा भाग होता. पोळी लाटता लाटता भूमेश्वरीचं लाटणं थांबलं. कालमुख त्या दिवशी पहिल्यांदाच सलग दोन-चार वाक्यं बोलला, आणि तो आवाज उस्तादचा होता. तोच घोगरेपणा, बोलणं संपताना तोच सुस्कारा. मिलमध्ये कुठला पट्टा सैल झालाय ते ती नुसत्या आवाजावरून सांगायची, या कानाने तिला कधी दगा दिला नव्हता. मुखवट्याखाली उस्तादच आहे. गुरूच वैरी आहे.

जेवणं झाल्यावर तिने मुलांना ते सांगितलं. चेहऱ्यावर तळवा धरला: कालमुख. हनुवटीखाली दाढी कुरवाळली: उस्ताद. मग दोन बोटं एकमेकांना चिकटवली: एकच. एकदम गोंधळ उडाला. मोठ्या मुलांतला उमेंद्र बाकावर चढला, दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात खुशबू कट्ट्यावरून उतरली. घोळक्यातून वाट काढत आली आणि तिने भूमेश्वरीचा डावा हात धरला, त्याची करंगळी अर्ध्यात दुमडली, आणि स्वतःच्या हनुवटीखालची नसलेली दाढी कुरवाळली. मग स्वतःची पाचही बोटं ताणून दाखवली आणि तो तळवा चेहऱ्यावर धरला. शेवटी भूमेश्वरीची चिकटलेली दोन बोटं तिने जोर लावून वेगळी केली.

उस्तादची करंगळी अर्धी आहे. कालमुखची पाचही बोटं धड आहेत. ते दोघं एक नाहीत.

या खुणा तिला कुणी शिकवल्या नव्हत्या. कट्ट्यावर बसल्या बसल्या तिने त्या गोळा केल्या होत्या. भूमेश्वरीने मात्र मोठी माणसं करतात तेच केलं, हात झटकला, आपल्या कानाकडे बोट दाखवलं: मी ऐकलंय. खुशबूने पुन्हा करंगळी दुमडली. पुन्हा, आणि पुन्हा. चौथ्या वेळेला तिला रडू फुटलं, पण ते फाटकावरचं रडू नव्हतं, संतापाचं होतं.

सर दारात ताट घेऊन उभे होते. "मावशी," ते म्हणाले, "पोरगी भांडून राहिली तुमच्याशी."

"भांडू द्या," भूमेश्वरी म्हणाली.

पुढच्या रविवारी तिने पहाटेच कणीक मळली, दहाच्या आत पोळ्या उरकल्या, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा जेवणघराच्या बाकावर मुलांमध्ये येऊन बसली. सरांना सांगून आवाज पूर्ण बंद करवला. उस्तादने काठी धरली, तेव्हा दिसलं. डावी करंगळी अर्धी. कालमुखने दार उघडलं, तेव्हाही दिसलं. पाची बोटं साबूत.

मग आवाज एकच कसा, असं तिने विचारलं, तेव्हा सर पोट धरून हसले. हिंदीत आवाज भरताना एकच कलाकार दोघा-तिघांचे आवाज काढतो, असं त्यांनी सांगितलं.

"म्हणजे मी एकाच माणसाले दोनदा ऐकून राहिली होती?"

"हो. आणि त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यावर आळ घेतला."

भूमेश्वरी उठली, खुशबूसमोर उभी राहिली आणि अठ्ठेचाळीस मुलांदेखत तिने आपला कान पकडला. माझं चुकलं. खुशबू बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मोठं माणूस तिच्यापुढे चुकल्याचं कबूल करतंय, असं बहुधा तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मग ती हसली, पुढचे दोन दात नसलेलं हसू.

त्यानंतर मात्र तिच्या हातांना उसंत राहिली नाही. सर तिला वर्गात सगळ्यांत पुढे बसवत, आणि शाळा सुटली की ती धावत स्वयंपाकघरात येऊन दिवसभरात शिकलेलं भूमेश्वरीपुढे ओते. पाणी, बकरी, आजी. मग काल. आणि सप्टेंबर संपता संपता, उद्या. फाटकाकडे ती आता फक्त घसरगुंडीच्या रांगेत नंबर लागेना तेव्हा जाई.

पाच ऑक्टोबरला, रविवारी, काही न कळवता कैलाश आला. हातात मोठी रिकामी पिशवी होती, खुशबूचे कपडे भरायला आणलेली. चौदावा भाग नुकताच संपला होता. भूमेश्वरीने त्याला खिडकीपाशी चहा दिला आणि कप घेणाऱ्या हाताकडे तिचं लक्ष गेलं. डावा हात. करंगळी अर्ध्यातून तुटलेली.

तिने विचारलं, तर म्हणाला, बांबू तोडताना गेली, पोरगी चार वर्षांची होती तेव्हा.

भूमेश्वरीला तो भांडणाचा रविवार आठवला. असा हात असलेला माणूस वाईट असूच शकत नाही, एवढंच त्या लेकराला सांगायचं होतं, आणि ते सांगण्यासाठी तिने एका दिवसात भाषा उभी केली होती.

खुशबू धावत आली. या वेळी तिने शर्ट धरला नाही. बापासमोर दोन हात अंतरावर उभी राहिली आणि हात भरभर हलवू लागली. कैलाश एकदा तिच्याकडे बघे, एकदा भूमेश्वरीकडे.

"का म्हन्ते, बाई?"

"मुखवटेवाला कोन, ते अजून समजलं नाई म्हन्ते. पुढच्या रविवारी समजन." खुशबूने मुठीवर मूठ आपटली आणि हात पुढे उडवला. "तुमी आता जा, अन् पुढच्या रविवारी या, म्हन्ते. तवा मी तुमच्यासंगं येईन."

कैलाशने चहा खाली ठेवला. "मले जा म्हणून राहिली?"

"हो."

"अन् रडत नाई?"

"कायले रडन, भाऊ? तुमी परत येनार, हे तिले माहीत आहे आता."

तो तिथेच कट्ट्याला टेकून बसला. चहा गार झाला, तरी सगळा प्यायला. जाताना पिशवीची घडी करून त्याने काखेत मारली.

बारा ऑक्टोबरला तो साडेदहाच्या आतच हजर होता, आणि मुलांमध्ये बाकावर बसून त्याने शेवटचा भाग पाहिला. मुखवटा उतरला तेव्हा आतून धरणाचा मोठा साहेब निघाला. पाची बोटं धड असलेला. अख्खं जेवणघर उसळलं. खुशबू टीव्हीकडे बघतच नव्हती. तिने खिडकीतल्या भूमेश्वरीकडे बोट दाखवलं आणि स्वतःचा कान पकडला. उमेंद्रने पकडला, मग सगळ्यांनीच. त्या दिवसापासून तिला कुणी पोळी म्हणत नाही. कान पकडला की भूमेश्वरी. बहिऱ्या मुलांच्या जगात आपलं नाव आपण ठेवून घेता येत नाही, त्यांनीच द्यावं लागतं. तिला ते मिळायला नऊ वर्षं आणि एक ढळढळीत चूक लागली.

सुट्टीसाठी खुशबू बापाबरोबर गेली. परत आणतो की नाही, हे कैलाश बोलला नाही आणि भूमेश्वरीने विचारलं नाही. त्या रिकाम्या दिवसांत तिने सरांना एक पत्र लिहायला लावलं, त्या दोन आवाजांच्या कलाकाराला. तुम्ही एकट्याने दोघांचं काम केलं, त्याबद्दल आमची शाळा आभारी आहे. कारण विचारू नये. पत्ता फक्त चॅनेलचा होता. सरांनी हसत हसत का होईना, पण ते टपालात टाकलं.

तीन नोव्हेंबरला शाळा उघडली. सकाळपासून मुलं येत होती, आणि प्रत्येक पावलाला भूमेश्वरीची मान वळत होती. शेवटी मान दुखायला लागली तेव्हा ती कुकरकडे तोंड करून उभी राहिली. शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या. बऱ्याच वेळाने तिला वाटलं, मागे कुणीतरी उभं आहे.

खिडकीपलीकडे कैलाश होता. हाक मारायला त्याला तिचं नाव माहीत नव्हतं. जरा लाजत, इकडे-तिकडे बघत, त्याने अर्ध्या करंगळीच्या हाताने आपला कान पकडला.

त्याच्या कमरेजवळून एक छोटा हात वर आला, त्याने बापाची बोटं कानाच्या पाळीवर नीट बसवली, आणि असं, म्हणून दाखवलं.