चिंगीच्या हिरड्या

गोचिडांच्या तापानं आमच्या कुत्रीच्या, चिंगीच्या, अंगातलं रक्त कमी झालं, त्याला आता तीन आठवडे झाले. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज सकाळी उजेडात ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असल्या तर ठीक, पांढुरक्या दिसल्या तर लगेच घेऊन या.

बघून बघून माझे डोळे थकलेत. आजचा रंग बरा की कालचा, तेच कळेनासं होतं. मग बायकोला हाक मारतो. ती वाकून बघते, "मला तर कालच्यासारखाच वाटतोय," म्हणते आणि चहा टाकायला जाते. लहानपणी आई अशीच आमची खालची पापणी ओढून बघायची. मला वैताग यायचा. तिलाही त्यातलं फारसं काही कळत नसणार, हे आत्ता लक्षात येतंय.

आज उठायलाच नको वाटत होतं. उशिरा खिडकीशी गेलो, तर चिंगी आधीच तिथे येऊन बसलेली. मला बघून तिनं आपणहून तोंड वर केलं, शेपटी हलवली. हा आपला रोजचा लाडच, असं तिला वाटत असावं.

मग आधी लाड केला. रंग नंतर बघितला.