अक्कांची लाल रेघ

मालतीअक्कांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, सायकलकडे पाहिलं. नागपूरहून नोकरीसाठी मी नुकताच बंगळूरला आलो होतो आणि बसवनगुडीतल्या त्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं मागायला गेलो होतो. नवी कोरी माउंटन बाइक घेऊन फाटकाशी तोऱ्यात उभा होतो. अक्का पायऱ्या उतरून आल्या, पुढचं चाक उचलून गरकन फिरवलं, दोन आरे चिमटीत दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "ही रिम? रिजेक्ट. खोली हवी तर घे. पण ह्या रिमवर डोंगराबिंगरात जाणार असशील तर आधी आईवडलांचा पत्ता लिहून दे."

रिजेक्ट हा त्यांचा धंद्याचा शब्द. विमानांचे भाग बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात त्या तपासणी विभागात इंजिनिअर होत्या आणि चाकं त्यांच्याकडे होती. नापास मालावर लाल रंगाची रेघ ओढायची, की तो थेट भंगारात. त्या रेघेपायी कारखान्यातले निम्मे लोक त्यांच्या नावानं खडे फोडायचे. कोणी आर्जवं करत यायचं, "अक्का, स्वल्प अॅडजस्ट माडी, थोडं सांभाळून घ्या." मग तर त्यांचा पारा चढलाच. "अॅडजस्ट करून लग्नं टिकतात. विमान नाही उतरत. बेडा म्हणजे बेडा, नको म्हणजे नको." तीन पिढ्यांपूर्वी इथे आलेलं त्यांचं घराणं. मराठीत कानडी कुठून शिरायचं ते त्यांचं त्यांनाही कळत नसे.

त्यांचे यजमान श्रीधरराव त्याच कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसमध्ये होते. सहा फुटी, दांडगा देह आणि आवाज असा, की समोरच्याला कान पुढे करावा लागे. या माणसाला नाही म्हणता येत नसे. कोणी तिसऱ्यांदा चहा विचारला तरी घेत. दारावर आलेल्या विक्रेत्याकडून नको असलेला झाडू घेत, आणि घरात असे पाच झाडू झाले की अक्कांच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. "भीड म्हणजे काय दागिना आहे का हो, सारखा अंगावर घालून फिरायला?" श्रीधरराव हसत आणि तेही कबूल करत.

श्रीधररावांचे साहेब होते दामले. मराठी मंडळाचे अध्यक्षही तेच आणि आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपचे प्रमुखही तेच. माणूस गोडबोल्या, हसतमुख, प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून बोलणारा. त्यांच्याबद्दल आजही लिहिताना माझं डोकं तापतं, तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. रविवारी सकाळी आम्ही सातआठ जण निघायचो, बहुतेक सगळे त्या कारखान्यातलेच. शहराबाहेरचं बेळ्ळंदूर तेव्हा नुसतं तळं, नाचणीची शेतं आणि मातीचा बांध होतं. त्या बांधावर काट्यांनी इतकी पंक्चरं व्हायची, की निम्मा रविवार ट्यूबला ठिगळं लावण्यात जायचा. अक्का पंजाबी ड्रेसवर, ओढणी कमरेला करकचून बांधून, सगळ्यांच्या पुढे असायच्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दामले साहेब कामानिमित्त परदेशी जाऊन आले आणि येताना एक नवं वेड घेऊन आले. तिकडे म्हणे डोंगरातल्या सायकलींनाही आता ट्यूब नसते, टायर थेट रिमवर बसतो. काट्यांची कटकट गेली, हवा कमी ठेवता येते, पकड वाढते. साहेबांनी तिथून चिकटपट्ट्यांची रिळं आणि रबराच्या चिकाच्या बाटल्या आणल्या होत्या. आमच्या साध्या रिमांना आऱ्यांची भोकं पट्टीनं बुजवायची, आत चीक ओतायचा, की झालं ट्यूबलेस. अक्कांच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी हे सगळं रंगवून सांगितलं.

अक्कांनी शांतपणे ऐकलं. त्या शांत बसल्या की मला धास्ती वाटे. मग म्हणाल्या, "साहेब, तिकडे ट्यूबलेससाठी रिमच वेगळी करतात ना? तिची कड टायरला धरून ठेवते. आपल्या रिमची कड धरणार आहे का? विमानाची चाकंही बिनट्यूबची असतात. मी रोज तपासते, मला शिकवू नका. दुसरं, तुम्ही हवा कमी ठेवणार. म्हणजे दगड थेट रिमला भेटणार. ह्या एका पत्र्याच्या रिमा तेवढ्यानं वाकतात. आधी दुहेरी भिंतीच्या दणकट रिमा घाला, टायरची कड धरतील अशा. मग ट्यूब काढायची भाषा करा."

"वहिनी, सगळीकडे विमान कशाला आणता? सायकल आहे ती," दामले हसून म्हणाले.

"पडणारा माणूस तोच असतो," अक्का म्हणाल्या आणि ताटं उचलू लागल्या.

श्रीधररावांच्या सायकलला अक्कांनी केव्हाच दुहेरी भिंतीच्या जाड रिमा बसवून घेतल्या होत्या. त्यांच्या देहाला तेच योग्य होतं. पण एका रविवारी दुपारी दामल्यांनी श्रीधररावांना घरी बोलावलं आणि आपली जुनी, हलकी चाकं स्वतःच्या हातानं ट्यूबलेस करून त्यांच्या सायकलला लावून दिली. भेट म्हणून! साहेबांनी स्वतः हात काळे केले, त्यांच्या बायकोनं शिरा खायला घातला, आता नाही कसं म्हणायचं? श्रीधररावांनी आपली जाड रिमांची चाकं गुपचूप वरच्या टाकीमागे ठेवली आणि अक्कांना काही सांगितलं नाही.

पुढच्याच रविवारी आम्ही शहराबाहेरच्या एका टेकडीवर गेलो. अक्कांना त्या दिवशी कारखान्यात जावं लागलं होतं, नाहीतर त्यांनी फाटकातच चाक फिरवून पाहिलं असतं. उतारावर श्रीधरराव माझ्या पुढे होते. वळणावर त्यांच्या पुढच्या टायरनं रिम सोडली, फस्सकन सगळी हवा गेली, रिम दगडावर आदळून घडी पडल्यासारखी मुडपली आणि तो एवढा मोठा माणूस फेकला गेला. मांडीचं हाड मोडलं होतं. आम्ही धावत पोचलो तर ते दगडांत पडून घामानं निथळत होते. दामल्यांनी एकदा मुडपलेल्या चाकाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि म्हणाले, "श्रीधर, पुढचा ब्रेक जरा जास्तच दाबलास रे."

आणि हाड मोडून पडलेला तो माणूस म्हणाला, "हो साहेब. दाबला असेन."

मांडीत सळई घातली, पण चाल कायमची लंगडी झाली. अक्का इस्पितळात नवऱ्याची सेवाही करत आणि त्यांना फाडूनही खात. "साहेबाचा शिरा गोड लागला ना? आता जन्मभर चघळा." बाहेर आल्या की व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभ्या राहत. एकदा मला म्हणाल्या, "मला दामल्यांचा राग आहेच. पण हे 'हो साहेब' म्हणाले ना, ते मला हाडापेक्षा जास्त लागलंय. खोटं बोलले रे. भिडेपोटी स्वतःवर खोटा आळ घेतला."

त्यांना भरपाई नको होती, माफीही नको होती. दामल्यांनी ग्रुपसमोर एवढंच म्हणावं, की चूक चाकाची होती. कारण तोवर आणखी पाच जणांच्या सायकली त्यांनी तशाच करून दिल्या होत्या आणि सव्वीस जानेवारीला त्याच उतारावर जायचं ठरवलं होतं. अक्का दोनदा त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. दामले दोन्हीदा म्हणाले, "वहिनी, तुम्ही दुःखात आहात." त्या पाच जणांना मी स्वतः सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि साहेबांना वाईट वाटेल म्हणून चाकं तशीच ठेवली. शिकलेली, विमानं बनवणारी माणसं! मला त्यांची अजून चीड येते.

संक्रांतीला मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. ग्रुपवाले हौसेनं सायकलींवरून आले होते, सायकली हॉलबाहेर ओळीनं लावल्या होत्या. आत दामल्यांनी सव्वीस जानेवारीच्या सहलीची घोषणा केली, टाळ्या पडल्या, मग तिळगूळ वाटत ते अक्कांसमोर आले. "घ्या वहिनी. तिळगूळ घ्या, गोड बोला."

अक्कांनी तिळगूळ घेतला, खाल्लासुद्धा. मग हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमचे कानडी शेजारी तिळगुळासारखं एळ्ळु-बेल्ला देतात तेव्हा चांगलं बोला म्हणतात, साहेब. गोड बोला म्हणत नाहीत. इथे तीन पिढ्या राहून मी तेवढं शिकले." पिशवीतून त्यांनी रंगाचा डबा आणि ब्रश काढला आणि बाहेर गेल्या. कोणाला काही कळायच्या आत पाचही सायकलींच्या चाकांवर, टायरपासून रिमपर्यंत, जाड लाल रेघा ओढून झाल्या होत्या.

काय गहजब झाला! "वेड लागलंय बाईला." "सणासुदीच्या दिवशी!" "नवऱ्याचं दुखणं डोक्यात गेलंय." एक बाई म्हणाली, "इतकं तोंडाळ असू नये माणसानं." दामले खेदानं मान हलवत उभे होते, सगळे त्यांचंच सांत्वन करत होते. पण त्या रेघा कारखान्यात सगळ्यांनी पाहिलेल्या होत्या. लाल रेघ ओढलेल्या चाकावर बसायची हिंमत त्यातल्या एकाचीही झाली नाही. आठवडाभरात पाचही जणांनी गुपचूप रिमा बदलून ट्यूबा घातल्या. सव्वीस जानेवारीला सगळे त्या उतारावरून धडधाकट खाली आले.

एकानंही अक्कांचे आभार मानले नाहीत. उलट मंडळाची निमंत्रणं बंद झाली, हळदीकुंकवाला बोलावणं येईना, आणि ग्रुपनं निघायची वेळ बदलली तरी त्यांना कळवलं नाही. मी तो ग्रुप सोडला. पुढे अक्का एकट्याच बेळ्ळंदूरच्या बांधावर जात, कधी मी सोबत असे. तिथे इमारती उठायला लागल्या तेव्हा त्या बांधकामांकडे पाहूनही "रिजेक्ट" म्हणत.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. तेराव्याला बसवनगुडीच्या त्याच घरात मंडळाची जुनी माणसं जमली. दामलेही आले, आता पार थकलेले, पण आवाज तसाच मधाळ. एकेक जण अक्कांबद्दल बोलत होता. किती प्रेमळ, किती मनमिळाऊ. मी मुठी आवळून बसलो होतो. शेवटी दामल्यांनी श्रीधररावांच्या खांद्यावर हात ठेवला. "काय सांगू श्रीधर, मालतीवहिनींसारखी गोड बाई मी पाहिली नाही."

श्रीधररावांनी काठी टेकली आणि उठून उभे राहिले. उठायला त्यांना वेळ लागतो. उठताना दामल्यांचा हात खांद्यावरून गळून पडला.

"नाही, साहेब," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला, आणि ऐकायला कोणाला कान पुढे करावा लागला नाही. "मालती गोड नव्हती. आणि त्या दिवशी ब्रेक मी दाबला नव्हता."