दार आणि लिंब

लिंब फुलला की त्या गोडसर-कडवट वासाबरोबर मला वडील गेले तो दिवस आठवतो. लढाईचा काळ होता. गावात सरपण मिळेना, म्हणून चुलते चितेसाठी अंगणातला लिंब तोडायला कुऱ्हाड घेऊन आले. आई खोडाला पाठ लावून बसली. “दुष्काळात आंगुळीचं पानी घालून जगवलाय त्यांनी. माझी बाज न्या, घराची दारं न्या.” चुलते म्हणाले, “अन् बिनदाराचं ऱ्हानार कसं, वैनी?” “शनीच्या शिंगनापुरात ऱ्हात्यात तसं.” दारं चितेवर गेली. पुढं वर्षभर चौकटीला गोणपाट होतं आणि मोहोराचा वास थेट घरात येई. काल आईला नेलं. माणसं त्याच लिंबाच्या सावलीतून उठून गेल्यावर मला दार लावून घेववलं नाही.