ताल धरणारा बर्फ

मु देशंगला पगार मिळे तो बर्फाकडे बघण्याचा. चीनच्या बोहाई समुद्रात चार लोखंडी पायांवर उभ्या असलेल्या, नैसर्गिक वायू काढणाऱ्या प्लॅटफॉर्मवर तो डिसेंबर ते मार्च राही, पायांवर रंगवलेल्या पट्ट्यांवरून बर्फाची जाडी वाची, आणि एक तुकडा या पायापासून त्या पायापर्यंत किती वेळात सरकतो ते वहीत लिही. गावातले कोळी विचारत, "बर्फ बघायला पैसे? मग आमची कोंबडी बघायचं काय घेशील?" मु म्हणे, "तुमची कोंबडी सरळ आहे. फुकट बघतो."

वहीपेक्षा त्याचा भरवसा लसणाच्या काचेच्या बरणीवर. बाराव्या महिन्याच्या अष्टमीला व्हिनेगरमध्ये पाकळ्या घालायच्या, आणि त्या हिरव्यागार झाल्या की वर्षअखेरच्या डंपलिंगबरोबर, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांबरोबर, खायच्या, ही घरोघरची रीत. मुची बरणी मात्र बर्फ जाईपर्यंत उघडायची नाही. स्वयंपाकी त्याच्या नावाने बोटं मोडी. मुचा डोळा लसणावर नसून वरच्या व्हिनेगरवर असे.

कारण डिआओ. नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर मुने व्हिनेगरमध्ये स्थिर वलयं पाहिली, साहेबाला एकदा सांगितलं, साहेब हसला, आणि मु जेवायला बसला. तासाभरात वायूच्या पाइपचा सांधा सुटला. तिथे काम करणारा त्याचा सोबती डिआओ गेला. आपण एकदाच सांगून गप्प बसलो, याची मु देशंगला फार लाज वाटे.

त्या अपघातानंतरच्या नवव्या हिवाळ्यात, वर्षाच्या अखेरच्या दिवशी सकाळी जाड बर्फ धडधडत आला. ताटल्या फुटल्या, सगळ्यांची पाचावर धारण बसली. मु शेंगदाणे खात बसला होता. गर्जेल तो पडेल काय! दुपारी भरती फिरली आणि वीतभर जाडीचा बर्फ हळूहळू येऊ लागला. आवाज थांबला. माणसं हसतखेळत डंपलिंग वळायला बसली. मुने बरणीकडे पाहिलं आणि उठून प्रमुखाच्या खोलीत गेला.

"लुआनसाहेब, वायू बंद करा."

"काका, सकाळी आभाळ कोसळत होतं तेव्हा तुम्ही शेंगदाणे चघळत होता. आता या पातळ बर्फाला घाबरलात? हादरे मोजणाऱ्या यंत्राचा काटा बघा, लाल रेषेच्या खाली आहे."

"सकाळचा भांडखोर होता, कसाही मारत होता. हा ताल धरून मारतोय. झोपाळ्याला प्रत्येक झोक्याला नुसतं बोट लावलं, तरी तो किती वर जातो?"

"आज अख्ख्या किनाऱ्याच्या चुली आपल्या वायूवर पेटल्यात. वर काय कळवू? लसणाने सांगितलं?"

"म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय म्हणून कळवा. खोटा ठरलो तर उद्याच घरी पाठवा."

"जा काका, डंपलिंग वळा."

मु गेला, पण बरणी घेऊन परत आला आणि ती साहेबाच्या कागदांवर ठेवली. "पाच मिनिटं बघा. मग हाकला."

लुआनने कंटाळून पाहिलं. व्हिनेगर सांडत नव्हतं, उसळत नव्हतं. एकात एक वलयं, आणि ती जागची हलत नव्हती. शेजारचं पेन एकसारखं सरकत टेबलाच्या कडेला आलं आणि खाली पडलं. लुआन उठला आणि त्याने वायू बंद करायला लावला.

खालच्या मजल्यावर पाइपच्या सांध्याला आठ नट होते. पाच नट नुसत्या हाताने फिरत होते. एक जागेवरच नव्हता. माणसं पाना घेऊन उशिरापर्यंत सांधा आवळत बसली. डंपलिंग गार झाली, आणि त्या रात्री लसूण कुणी मागितला नाही.

लुआनने वर लिहून कळवलं. उन्हाळ्यात चारही पायांना पाण्याच्या पातळीवर लोखंडी शंकू बसवले. आता बर्फ त्यांच्या उतारावर चढतो, वाकतो आणि तुकडे होऊन पडतो. त्याला ताल धरता येत नाही. बर्फ बघणाऱ्या माणसाची गरज उरली नाही. मु गावी राहिला. कोळ्यांनी कोंबडीवरून पुन्हा छेडलं, तेव्हा तो चिडला.

वर्षअखेरीला लुआनचा फोन आला. "काका, यंदा तुमच्यासारखीच बरणी भरून टेबलावर ठेवलीय. बाहेर वीतभर बर्फ संथ चाललाय. व्हिनेगर जरासुद्धा हलत नाही."



"सकाळपासून बघितलंत?"

"सकाळपासून."

"मग उघडा ती," मु म्हणाला. "आणि एक वाटी जास्तीची मांडा. डिआओला लसूण आवडायचा."