पाच किलो दादरचं पीठ आणि एक सुताची लडी

सुरतला जायचं मी ठरवलं नव्हतं. माझ्या मामेबहिणीनं, अश्विनीनं, ते परस्पर ठरवून टाकलं. तिच्या लेकीचा, हानाचा, पहिला वाढदिवस होता आणि तो कोरियन पद्धतीनं करायचा होता, कारण हानाचे वडील कोरियाचे. अश्विनी सुरतेत विणकामाच्या यंत्रांच्या कंपनीत लागली, प्रशिक्षणासाठी कोरियात देगूला गेली आणि तिथला जी-हुन तिच्या मागोमाग इकडे आला. आता तो सुरतेत यंत्रं बसवतो आणि रिक्षावाल्यांशी माझ्यापेक्षा बऱ्या गुजरातीत भांडतो.

अश्विनीनं फोनवर दोन कामं सांगितली. एक, येताना धुळ्याहून पाच किलो दादर ज्वारीचं पीठ आणायचं. दोन, सुकलालमामांना, म्हणजे तिच्या वडिलांना, सुरतेतल्याच नवागामहून घेऊन वेसूच्या हॉलवर पोचायचं.

"ताई, बाबा माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील."

आमच्या घरात हे वाक्य ज्याला ऐकवतात त्याचंही कुणी ऐकत नसतं. तरी मी हो म्हटलं. नंतर दोन दिवस स्वतःवर चिडत राहिले.

ज्यांना धुळ्याहून सुरतला एसटीनं जायचंय त्यांच्यासाठी: सकाळची पहिली गाडी धरा. बायकांना अर्धं तिकीट नवापूरच्या हद्दीपर्यंतच, पुढे पूर्ण. कंडक्टरनं हे मला तीनदा सांगितलं, मी एकदाही विचारलं नव्हतं. कोंडाईबारीच्या घाटात पिठाची पिशवी सीटखालून सरकत ड्रायव्हरपर्यंत गेली. मी ती उचलून आणली, पुढच्या वळणावर ती पुन्हा गेली. शेवटी मांडीवर घेतली आणि सोनगडपर्यंत पांढरी झाले. बारडोलीला पातरा खाल्ला, म्हणजे तिकडची अळूवडी. गरम होता, चांगला होता, प्रवासातली तेवढीच गोष्ट कुणावरही न चिडता झाली. मग कडोदऱ्याच्या चौकात आमची गाडी ट्रकांच्या मध्ये अशी अडकली की बाहेरचा चहावाला दोनदा येऊन गेला. सुरत स्टेशनपासून वेसूपर्यंत मेट्रोचं खोदकाम. रिक्षावाल्यानं अडीचशे मागितले, दोनशेवर आला. घरी गेल्यावर अश्विनी म्हणाली, "दीडशेच्या वर कुणी देत नाही गं." हे लोक नेहमी नंतर सांगतात.

दारात जी-हुनची आई उभी होती. अश्विनी त्यांना 'ओमोनिम' म्हणते. सासूबाईंना आदरानं असंच म्हणतात म्हणे. त्या नातीसाठी देगूहून आल्या होत्या. त्यांनी वाकून नमस्कार केला, मी हात जोडले, दोघींचं डोकं आपटता आपटता वाचलं. मग पहिलाच प्रश्न, जी-हुनमार्फत: माझं वय काय?

प्रवासानं आंबलेल्या बाईला दारातच वय विचारतात? मी सेहेचाळीस सांगितलं, जरा तुटकच. जी-हुन ओशाळून म्हणाला, "ताई, वय कळल्याशिवाय कोणत्या शब्दांत बोलायचं हेच त्यांना कळत नाही. त्या अडुसष्टच्या आहेत." धुळ्यात नवा भाडेकरू आला की मीच आधी आडनाव विचारते आणि गाव नंतर. मला तरी त्याच्याशी कोणते शब्द वापरायचे असतात? काहीच नाही. नुसतं जाणून घ्यायचं असतं.

पिठाचा उलगडा स्वयंपाकघरात झाला. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला ज्वारीचे छोटे गोळे उकडून लाल कडधान्याच्या सारणात घोळवतात. त्यानं मुलाची दृष्ट टळते. तिकडची ज्वारी तांबडी आणि चिकट असते. आपली दादर भाकरीची. ओमोनिमनी गोळे वळून उकळत्या पाण्यात सोडले आणि पाच मिनिटांत पातेल्यात आंबील झाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. जणू पिठाला मीच तसं शिकवून आणलं होतं.

"बारा गोळ्यांना पाच किलो कशाला मागवलंस?" मी अश्विनीला विचारलं.

"मला अंदाज नव्हता. तू काहीतरी कर ना, ताई."

मग मी उकड काढली. थोडं तांदळाचं पीठ मिसळलं, आधणात घालून झाकलं, गरम असतानाच मळलं, बोटं भाजली. गोळे टिकले. तिकडचं कडधान्य मिळालं नव्हतं म्हणून लाल चवळी. ओमोनिमनी एक गोळा चाखला, दोन्ही हातांनी दुसरा माझ्यापुढे धरला आणि काहीतरी बोलल्या. जी-हुन आत हानाला झोपवत होता, त्यामुळे काय ते कळलं नाही. मी तो दोन्ही हातांनी घेतला. एका हातानं घेतला असता तर काय बिघडलं असतं, कोण जाणे.

टेबलावर कागदात गुंडाळलेली पांढऱ्या सुताची जाड लडी होती. दुसऱ्या दिवशीचा मुख्य विधी तोच: मुलापुढे पेन्सिल, पैसे, तांदूळ, पुस्तक आणि सूत मांडायचं. मूल जे उचलेल तसं त्याचं पुढचं आयुष्य. आपल्याकडे उष्टावणाला करतातच की. "सूत उचललं की दीर्घायुष्य," अश्विनी म्हणाली. "ही लडी त्यांनी तिकडून आणलीय." एवढंच म्हणाली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

शनिवारी सकाळी नवागामला गेले. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, दोन शेअर रिक्षा, मध्ये गोडादऱ्याचं एक वळण, जे मला आजवर कधी बरोबर घेता आलेलं नाही. मामांच्या गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट दारातच भेटतो. मामांनी त्या आवाजात चाळीस वर्षं काढली, म्हणून त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागतं आणि तेही ओरडूनच उत्तर देतात. ते बनियनवर बसले होते.

"मामा, आवरा. बारा वाजता आहे."

"मी नही येस."

"का?"

"त्या ताटमा सूत ठेवतस ना? अश्विनीनी सांगं माले."

मी दीर्घायुष्याचं समजावलं. गल्लीतल्या चार घरांनाही समजलं असेल. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी बी लांबच जगनू, वैशाली. लूमवर." मग हात खाली ठेवून म्हणाले, "पोरगी शिकनी म्हनीसन सुटनी. आते नातना हातमा पहिलंच सूत? माले नही देखनं ते."

त्यांच्याशी वाद घालता आला असता. अश्विनीही अजून सुतावरच जगते, फक्त वातानुकूलित खोलीत, हे सांगता आलं असतं. पण मामी गेल्या तेव्हापासून मामा कुठल्याच कार्यक्रमाला गेलेले नाहीत, आणि घड्याळात साडेदहा वाजले होते.

"तू ते सूत काढी ले," मामा म्हणाले, "मंग येस."

"बघते," मी म्हटलं. 'नाही' म्हणायची हिंमत नसली की मी 'बघते' म्हणते. मामांनी लगेच सदरा घातला.

हॉलवर पोचलो तर छताला लाल कंदील, कंदिलांवर सोनेरी ड्रॅगन. जी-हुन मॅनेजरपुढे उभा होता.

"भाई, ये हमारा नहीं है. ये हमारे पडोसी का है."

"सर, फोटो में सब सेम आएगा," मॅनेजर म्हणाला. कोरियन थीमचे वेगळे पैसे घेतले होते त्यानं. त्यानं स्वतःच्या मनानं विधीच्या मेजावर प्लॅस्टिकचा स्टेथोस्कोप, विमान आणि माईकही ठेवले होते. "पॅकेज में है." अश्विनीच्या इमारतीतल्या दोन मुली मालिका बघून शिकलेलं कोरियन ओमोनिमना ऐकवत होत्या आणि अंगठा-तर्जनीचा बदाम करून फोटो काढत होत्या. ओमोनिम खूश. सोसायटीतले लोक शाकाहारी, म्हणून वाढदिवसाचं समुद्री शेवाळाचं सूप मांसाशिवाय, लसूण आणि तिळाच्या तेलात केलं होतं. मला आवडलं. मामांनी वाटी जवळ ओढून, बघून, परत सरकवली.

"हाई तं तापीनं शेवाळ से," ते म्हणाले. हॉलभर ऐकू गेलं.

सगळे फोटोत गुंतले असताना मी मेजाजवळ गेले. लडी उचलली. पर्समध्ये टाकली. चेन ओढली. मामांनी लांबून बघितलं आणि मान हलवली.

पाच मिनिटांनी हानाला रेशमी झग्यात आणून चटईवर बसवलं. ओमोनिमनी मेजावर नजर टाकली, मग मेजाखाली, मग चादर उचलून. त्यांचा चेहरा उतरला. अश्विनी मॅनेजरवर चिडली, मॅनेजरनं सफाईच्या बाईंना हाक मारली.

"बेन, टेबल किसने साफ किया? कचरा समझ के फेंक दिया क्या?"

"मैं तो रसोई में थी, साहब."

"तो कौन था? तुम ही तो हो."

त्या ओल्या हातांनी उभ्या होत्या. मी एवढंच म्हणाले, "माझ्याकडे आहे."

अश्विनीनं माझ्याकडे असं बघितलं की मला मी शिकवते त्या वर्गातल्या कॉपी करणाऱ्या मुली आठवल्या. मी लडी काढली. ती बघताच मामांना न ऐकताच सगळं कळलं.

"तिले काही बोलू नका," ते ओरडले. "मी सांगं तिले."

"बाबा, अहो तो दोरा आहे. लूम नाही."

"दोराच तं लूम से."

जी-हुननं ते कोरियनमध्ये कसं सांगितलं मला माहीत नाही. बराच वेळ सांगत होता. ओमोनिमनी ऐकलं. एकदा मधे थांबवून, कानामागे हात धरून, पुन्हा सांगायला लावलं. मग त्या बोलल्या, मोठ्यानं, जवळजवळ मामांच्याच पट्टीत. जी-हुन थांबत थांबत आम्हाला सांगू लागला. त्या पंधराव्या वर्षी देगूच्या कापड गिरणीत लागल्या. ती लडी त्यांनी स्वतः गुंडाळलेली होती, जी-हुनच्या पहिल्या वाढदिवसाला. त्या दिवशी त्यानं काय उचललं होतं, मी विचारलं. "पैसे," जी-हुन म्हणाला. "आई अजून म्हणते, त्यामुळेच मी दूर गेलो."

मी खाली बघत होते. मामा मात्र ओमोनिमच्या हातांकडे बघत होते.

ओमोनिमनी पेढ्यांच्या खोक्याचा दोरा सोडवला. झटक्यात तोडला. दोन टोकं अंगठ्यावर फुलीसारखी धरली, एक वळसा, आणि गाठ बसली. डोळ्याला दिसलीच नाही. दोरा ओढून दाखवला. सुटली नाही. लूमवर तुटलेला धागा बांधतात ती गाठ. मी लहानपणी सुट्टीत मामांच्या कारखान्यात डबा द्यायला जायचे तेव्हा बघितलेली.

मामांनी हात पुढे केला. तोच दोरा गाठीपासून चार बोटांवर तोडला आणि बांधला. त्यांचीही दिसली नाही. ओमोनिमनी दोरा डोळ्यांजवळ नेला, दोन्ही गाठी नखानं तपासल्या आणि मुकादमासारखी मान हलवली. पास.

लडी पुन्हा मेजावर ठेवली गेली. मामांनी हरकत घेतली नाही, पण खुर्ची ओढून अगदी पुढे बसले. हानानं आधी माईक धरला. मॅनेजर खूश झाला. मग तिनं तो टाकला, विमान ढकललं, आणि लडी दोन्ही हातांनी ओढून तोंडात घातली. ओमोनिम टाळ्या वाजवू लागल्या. अश्विनीनं वडिलांकडे बघितलं.

"लांब से का ते?" मामांनी मला विचारलं.

"खूप लांब आहे, मामा."

"तुटाव नही ना?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि डोळे पुसायला गमछा शोधू लागले. तो खांद्यावरच होता.

रविवारी संध्याकाळी धुळ्याला परतले. उरलेलं साडेचार किलो पीठ अश्विनीनं 'इथे कोण भाकरी करतं' म्हणून माझ्याच मांडीवर परत पाठवलं. कडोदऱ्याला पुन्हा तोच चौक, तोच चहावाला. यावेळी चहा घेतला. तुम्हाला असा वाढदिवस बघायला मिळाला तर जरूर जा, आणि दादर नेणार असाल तर उकडीची कृती बरोबर न्या.

तो गाठींचा दोरा मी मागून घेतला. एक गाठ सुरतेची, एक देगूची. आता कोणती कुणाची ते मला ओळखता येत नाही. मात्र दुसरंच काहीतरी सुटत नाही. त्या सफाईच्या बाई समोर उभ्या राहिल्या नसत्या तर मी बोलले असते का? ओमोनिम चादर उचलून शोधत होत्या तेव्हा मी गप्पच होते. आणि सगळं गोड झाल्यावर, फोटो, पेढे, रडणं, यात त्या बाईंची माफी मागायची राहिली. आठवण झाली तेव्हा त्या काम संपवून निघून गेल्या होत्या.

मंगळवारी मी हॉलवर फोन केला. त्या बाईंशी बोलायचंय म्हटलं.

"कौन सी बेन?" मॅनेजरनं विचारलं.

मला नाव माहीत नव्हतं. येणाऱ्या भाडेकरूचं आडनाव दारातच विचारणारी मी. रसोईत होत्या त्या, असं सांगितलं.

"मॅडम, आपका दोरा तो मिल गया ना?"

"मिल गया," मी म्हणाले.

"फिर?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट बघत थांबला.