माझा पासवर्ड बंद करा

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात मी हिशोब बघतो. पण राजनंदिनीचं टेबल माझ्या शेजारी, म्हणून सगळं कानावर आलं अन् डोक्यात तिडीक गेली.

पोरगी पिशोर गावची, शेतकऱ्याघरची. नवीनच लागलेली, अजून कायम व्हायची होती. शहरातल्या लॅबचे रक्ताचे रिपोर्ट पेशंटच्या मोबाईलवर धाडणारा सर्व्हर तिच्याकडं. मेसेज पाठवणारी कंपनी बदलली, तशी हिनं सर्व्हरच्या फाईलमध्ये नव्या कंपनीचा पत्ता टाकला. थोड्या वेळानं बघते, तर जुनाच. पुन्हा टाकला, पुन्हा जुना. रिपोर्ट अडकले, लॅबवाले फोन करकरून पिसाळले.

आमचे मालक विश्वजित सर सगळ्यांसमोर म्हणाले, "फाईल सेव्ह करायला तरी शिकलीस का गं? की पिशोरला असंच चालतं? असंच चालणार असेल तर उद्यापासून घरीच बस."

मला लई राग आला. पण मालकाला बोलणार कोण.

जेवताना ती म्हणाली, "काका, घरात काही हरवलं अन् आईवर आळ आला, की आई कपाटाच्या किल्ल्या आजीपुढं ठेवायची. म्हणायची, आता हरवलं तर बघा." अन् डबा तसाच टाकून सरांकडं गेली.

"सर, पत्ता तुम्हीच टाका. अन् माझा पासवर्ड बंद करा."

सरांनी केलं. थोड्या वेळानं फाईल परत जुनी.

मग तिनं फाईलला हात कोण लावतंय त्याची नोंद ठेवायला लावली. निघालं काय, तर माणूस नव्हताच. आमच्याच दुसऱ्या मशीनवर सगळ्या फाईलींच्या मूळ प्रती ठेवलेल्या. सर्व्हरवर कोणी काही बदललं, की ते मशीन तो बदल आपोआप पुसून मूळ प्रत बसवायचं. ही व्यवस्था खुद्द सरांनीच कधीकाळी लावलेली, अन् पार विसरलेले. मी तोंड फिरवून हसून घेतलं.

मूळ प्रतीत पत्ता बदलला, अन् रिपोर्ट सुटले.

"ते मशीनही आता तूच सांभाळ," सर केबिनमध्ये तिला म्हणाले. "कायम केल्याचं पत्र उद्या देतो."

दुसरी कोणी थँक्यू म्हणून मोकळी झाली असती. ही दारातून हलली नाही.

"सर, सकाळी सगळ्यांसमोर बोलला होतात. हेही सगळ्यांसमोर सांगा."

आता नोकरी गेली, असंच मला वाटलं. पण सर उठून बाहेर आले. "राजनंदिनीची काही चूक नव्हती," ते म्हणाले. "चूक माझी होती."

ती माझी कोणी लागत नाही, पण मला तिचा लई अभिमान वाटला.